परदेशात किंवा दुसऱ्या प्रदेशात फिल्म शूट करायचीय? फायदा नक्की कशात असतो आणि तो पदरात कसा पाडायचा

बाहेर शूट करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथे रिबेट किती टक्के मिळतो?", म्हणजे तिथे केलेल्या खर्चातला किती हिस्सा सरकार परत देतं, आणि बहुतेकांचं गणित इथूनच फसायला लागतं. कारण टक्केवारी ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. माझं मत सरळ सांगतो, बाहेर शूट करण्याचा खरा फायदा टक्क्यांत नसतो, तो तुमच्या स्क्रिप्टला त्या ठिकाणी आयतं काय मिळतं आणि तिथल्या माणसांकडून तुम्ही किती काम करून घेता यात असतो. या दोन गोष्टी जमल्या तर २० टक्के रिबेटवालं ठिकाणही परवडतं, आणि नाही जमल्या तर ४० टक्केवाल्या ठिकाणीही नाकापेक्षा मोती जड होतो.

हा लेख इंडी वाल्यांसाठी (मोठ्या स्टुडिओशिवाय स्वतंत्रपणे फिल्म करणाऱ्यांसाठी), पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्या प्रोड्युसरसाठी आणि ज्यांना "आपण तिकडे का जातोय" हे इन्व्हेस्टरला समजावून सांगायचंय त्यांच्यासाठी आहे. पायरी पायरीने जाऊ.

पायरी १: आधी स्क्रिप्ट घेऊन बसा, नकाशा नंतर

स्क्रिप्टचा ब्रेकडाऊन काढा, म्हणजे कोणत्या सीनला काय लागेल याची यादी, आणि प्रत्येक मोठ्या लोकेशनसमोर एकच प्रश्न लिहा, हे आपल्याकडे उभं करायला काय लागेल? सेट, व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं), ट्रॅव्हल, दिवस, सगळं. ज्या सीनसमोरचा खर्च बघून घाम फुटतो तेच सीन बाहेर न्यायचे उमेदवार. बाकीचे सीन बाहेर न्यायची काही गरज नसते, पण प्रॉडक्शनमध्ये एकदा "चला तिकडे" झालं की चहा पिण्याचा सीनसुद्धा तिकडेच जातो, हे थांबवा.

ठिकाण तुम्हाला साधारण चार प्रकारे उपयोगी पडतं.

पहिला प्रकार म्हणजे निसर्ग. जॉर्डनमधलं वाडी रम घ्या, लाल वाळू आणि दगडांचे उभे कडे, १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'पासून तिथे शूटिंग चालतंय आणि नंतर मंगळ ग्रह दाखवायलाही तीच जागा वापरली गेली, म्हणजे एवढं मोठं बॅकग्राऊंड तुम्हाला कॉम्प्युटरवर बनवायचं नाही, कॅमेरा लावला की आहे. स्पेनमधल्या अल्मेरियाजवळच्या ताबेर्नास वाळवंटात १९६० च्या दशकात युरोपियन लोकांनी अमेरिकन वेस्टर्न शूट केले, कारण ते अमेरिकेसारखं दिसायचं आणि खर्च अमेरिकेपेक्षा खूप कमी यायचा.

दुसरा प्रकार म्हणजे एक शहर दुसऱ्या शहराच्या नावावर खपवणं. प्राग शहराने १९८४ च्या 'अमॅडियस'मध्ये अठराव्या शतकातलं व्हिएन्ना केलं, कारण जुन्या गल्ल्या शाबूत होत्या. बुडापेस्ट तर पॅरिस, मॉस्को, ब्युनोस आयर्स असं काहीही बनतं. टोरंटो आणि व्हँकुव्हर अमेरिकन शहरं म्हणून वर्षानुवर्षं वापरली जातात. इथे तुमचा आर्ट डायरेक्टर महत्त्वाचा, त्याला विचारा की पाट्या, नंबर प्लेट, ट्रॅफिक सिग्नल, पोस्टाचे डबे, विजेचे खांब यातलं काय काय झाकावं लागेल. बिल्डिंग सारखी दिसते म्हणून खूश होऊन जाल आणि रस्त्यावर गाड्या उलट्या बाजूने चालतायत हे शूटच्या दिवशी दिसेल, असं नको.

तिसरा प्रकार म्हणजे तयार सुविधा. माल्टामध्ये समुद्राच्या काठावर पाण्याच्या भल्या मोठ्या टाक्या आहेत, त्यातली पहिली १९६४ ची. टाकीची कड अशी बांधलीय की कॅमेऱ्यातून टाकीचं पाणी मागच्या खऱ्या समुद्राला जोडलेलं दिसतं. बोट बुडवायचा सीन खुल्या समुद्रात करणं म्हणजे लाटा, वारा, उलट्या आणि वाया जाणारे दिवस, इथे तोच सीन उथळ पाण्यात सेफ्टी डायव्हर बाजूला उभे ठेवून होतो. मोरोक्कोत वरझाझातला १९८३ साली सुरू झालेला अॅटलस स्टुडिओही तसाच, तिथे जुन्या फिल्म्सचे इजिप्शियन, रोमन सेट उभे आहेत आणि सेट लावणारे सुतार-प्लास्टरवाले आजूबाजूच्या परिसरातच तयार झालेत.

चौथा प्रकार लोक विसरतात तो म्हणजे उजेड. विषुववृत्ताजवळ वर्षभर साधारण १२ तास दिवस आणि सूर्य पटकन बुडतो, म्हणजे गोल्डन अवरला (सूर्य उगवता-मावळतानाच्या सोनेरी उजेडाला) तुम्हाला हाताशी फार थोडी मिनिटं. आइसलँडमध्ये जूनच्या शेवटी जवळपास २१ तास उजेड आणि तिरका सूर्य तासन्‌तास रेंगाळतो, पण तिथेच डिसेंबरच्या शेवटी जेमतेम ४ तास. लॉन्ग डे बघून खूश व्हायचं नाही कारण क्रू २१ तास काम करणार नाहीये, पण संध्याकाळचा एकच मूड चार पानांच्या सीनला हवा असेल तर असा उजेड जगात मोजक्याच ठिकाणी मिळतो. आणि नाईट शूट असेल तर उन्हाळ्यात तिकडे जाऊच नका. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हेही लक्षात ठेवा, उत्तरेत हिवाळा असताना न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेत उन्हाळा, त्यामुळे अॅड फिल्म वाले उन्हाचे सीन घ्यायला डिसेंबर-जानेवारीत तिकडे पळतात.

एक उलटं उदाहरणही द्यायला हवं. 'फुल मेटल जॅकेट' (१९८७) मध्ये स्टॅनली कुब्रिकने व्हिएतनामचं उद्ध्वस्त शहर लंडनमधल्या बेक्टनच्या बंद पडलेल्या गॅसवर्क्समध्ये, म्हणजे गॅसच्या कारखान्यात, उभं केलं, पामची झाडं बाहेरून आणवली. बिल्डिंग पाडायची परवानगी होती, क्रू घरचा होता, मग कशाला जायचं? पायरी १ चं उत्तर कधीकधी "जाऊ नका" असंच येतं आणि ते मान्य करायची तयारी ठेवा.

पायरी २: पैशाचं गणित, म्हणजे टक्केवारीच्या मागे काय लपलंय

सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो, म्हणून जरा थांबून बघू.

सवलती तीन-चार प्रकारच्या. कॅश रिबेट म्हणजे तिथे केलेल्या पात्र (सवलतीसाठी मान्य) खर्चाचा ठरावीक हिस्सा सरकार नंतर परत देतं, हंगेरी ३० टक्के. टॅक्स क्रेडिट म्हणजे तिथल्या कराच्या हिशोबातून मिळणारी रक्कम, आयर्लंडचं सेक्शन ४८१ हे ३२ टक्क्यांचं, ब्रिटनमध्येही क्रेडिटच आहे पण ते कोअर खर्चाच्या (फिल्म बनवण्याच्या मूळ खर्चाच्या) जास्तीत जास्त ८० टक्क्यांवरच मोजतात. ट्रान्सफरेबल क्रेडिट म्हणजे तुम्हाला तिथे कर भरायचाच नसेल तर ते क्रेडिट दुसऱ्या करदात्याला थोड्या कमी भावाने विकायचं, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य याचं ठळक उदाहरण, तिथे २० टक्के मूळ आणि राज्याचा प्रमोशनल लोगो फिल्ममध्ये लावला तर आणखी १०, पण किमान खर्च ५ लाख डॉलर. आणि काही ठिकाणी फक्त मनुष्यबळावर सवलत, कॅनडाचं फेडरल क्रेडिट तिथल्या रहिवाशांना दिलेल्या पगारावर १६ टक्के, त्यावर प्रांताचं वेगळं.

कोलंबियाचं मॉडेल मला आवडतं कारण ते स्पष्ट आहे, २०१२ च्या कायद्यानुसार फिल्म सर्व्हिसेसवर ४० टक्के आणि हॉटेल, जेवण, प्रवास असल्या लॉजिस्टिक्सवर २० टक्के. म्हणजे सरकारने सरळ सांगितलंय की आमच्या टेक्निशियनवर खर्च करा, तुम्हाला जास्त देतो. हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या फिल्म कमिशनच्या (शूटिंगला मदत करणाऱ्या तिथल्या संस्थेच्या) पानावरचं चालू गाइडलाइन डाऊनलोड करा आणि तारखेसकट जपून ठेवा. कुणी तरी दोन वर्षांपूर्वी पाठवलेलं पीपीटी वापरू नका.

आता गणित. समजा तुमचं एकूण बजेट १०० आहे, एकक काहीही धरा. रिबेट ३० टक्के. मनात लगेच ३० येतात, बरोबर? पण १०० पैकी ३५ तर रायटिंग, पोस्ट (शूटनंतरचं एडिटिंग वगैरे), म्युझिक, घरी होणारं शूट यात गेले. उरले ६५. त्या ६५ मधले २० पात्र नाहीत, कारण बाहेरून आणलेल्या टीमची फी, घरून आणलेल्या कॅमेरा किटचं भाडं, दुसऱ्या देशाच्या एअरलाईनची तिकिटं अशा गोष्टी बऱ्याच ठिकाणी मोजत नाहीत. उरले ४५, त्याचे ३० टक्के म्हणजे १३.५. आता बाहेर गेल्यामुळे वाढलेला खर्च बघा: तिकिटं, हॉटेल, पर डायम (रोजचा भत्ता), फ्रेट (सामानाची वाहतूक), दोन रेकी (आधी जाऊन जागा बघणं) मिळून ८ धरा. तिथे शूटची व्यवस्था बघणाऱ्या सर्व्हिस कंपनीची फी, ऑडिटर आणि वकील मिळून २. रिबेट हातात यायला बराच वेळ लागतो, तोवर त्याच्यावर कर्ज काढलं तर व्याज आणि चार्जेस १.५. एकूण ११.५ गेले. हातात राहिले २.

म्हणजे ३० टक्क्यांच्या रिबेटचे खरे २ टक्के झाले.

आता याच गणितात एकच बदल करा. घरून न्यायच्या टीममधले बरेच लोक कमी करा आणि ती कामं तिथल्या माणसांना द्या. समजा त्यामुळे अपात्र २० मधले ७ पात्र बाजूला आले, पात्र खर्च ५२ झाला, रिबेट १५.६. तिकिटं-हॉटेलचा ८ चा खर्च ५ वर आला. फी आणि व्याजाचे ३.५ तसेच ठेवू. १५.६ वजा ८.५, हातात ७.१. टक्केवारी तीच, देश तोच, फायदा साडेतीन पट. म्हणून म्हणतो की आधी तिथे क्रू किती खोल आहे ते बघा, म्हणजे एकाच वेळी तीन फिल्म चालू असतील तरी चांगला गॅफर (लाईटिंगचा प्रमुख) आणि चांगला साऊंड रेकॉर्डिस्ट मिळेल का.

या टेबलमध्ये अजून एक रकाना करन्सीचा ठेवा. बजेट एका चलनात, खर्च दुसऱ्यात, इन्व्हेस्टमेंट तिसऱ्यात असं असतं आणि शूटच्या आधी भाव ५ टक्के हलला तर तुमचा सगळा फायदा तिथेच संपतो. बँकेकडून फॉरवर्ड रेट (पुढच्या तारखेसाठी आजच ठरवलेला चलनाचा भाव) लॉक करून घेता येतो, प्रोड्युसर लोक हे कंटाळवाणं म्हणून टाळतात, टाळू नका. जाता जाता एक गंमत, दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ब्रिटन, फ्रान्स अशा देशांनी अमेरिकन स्टुडिओंना त्यांची तिथली कमाई बाहेर नेऊ दिली नाही, मग स्टुडिओंनी तोच अडकलेला पैसा तिथेच शूटिंग करून खर्च केला, रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत १९५० च्या दशकात हॉलिवूडची एवढी गर्दी होती त्यामागचं हे एक मोठं कारण. तर चलनाच्या भानगडीमुळे लोकेशन ठरणं हे काही नवीन नाही.

पायरी ३: देश बदलायच्या आधी प्रदेश बदलून बघा

एकाच देशात राजधानी किंवा मोठं फिल्म शहर सोडून बाहेर गेलं की बरेचदा वेगळी जास्तीची सवलत असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात व्हँकुव्हर परिसराच्या बाहेर शूट केलं तर ठरावीक अटींवर १२.५ टक्के रीजनल आणि अजून लांब गेलं तर त्यावर ६ टक्के डिस्टंट क्रेडिट आहे, दोन्ही मनुष्यबळाच्या खर्चावर. स्पेनमध्ये कॅनरी बेटांवर मुख्य भूमीपेक्षा खूप जास्त सवलत मिळते. व्हिसा नाही, कस्टम नाही, चलन तेच, भाषा बहुतेक तीच, आणि लहान गावात नगरपालिका, पोलीस, शाळा सगळे मदतीला येतात. मोठ्या शहरात रस्ता दोन तास बंद करायला महिनाभर फाईल फिरते. तोटा एकच, तिथे स्पेअर पार्ट मिळत नाही. लाईटचा बॅलास्ट (वीजपुरवठा सांभाळणारा भाग) गेला तर दुसरा यायला दिवस जातो, म्हणून अशा ठिकाणी सगळं डबल न्यायचं.

पायरी ४: को-प्रॉडक्शन करायचं की फक्त सर्व्हिस घ्यायची

दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकदम वेगळे. सर्व्हिस प्रॉडक्शन म्हणजे तिथली कंपनी तुमच्यासाठी काम करते, फी घेते, फिल्म पूर्ण तुमची. को-प्रॉडक्शन म्हणजे तिथला प्रोड्युसर पार्टनर होतो, पैसा आणतो, हक्कात वाटा घेतो, निर्णयातही बोलतो.

दोन देशांत को-प्रॉडक्शन करार असेल तर फिल्म दोन्हीकडे "आपली" धरली जाते, आणि मग दोन्हीकडच्या सवलती, फंड, टीव्ही कोटा (चॅनेलवर तिथल्या फिल्म्ससाठी राखीव वाटा) खुले होतात. युरोपात यासाठी १९९२ चं कन्व्हेन्शन, म्हणजे अनेक देशांचा एकत्र करार, आहे, २०१७ मध्ये ते सुधारलं आणि बहुदेशीय फिल्ममध्ये एका पार्टनरचा किमान वाटा १० वरून ५ टक्क्यांवर आणला, म्हणजे छोट्या देशातला प्रोड्युसरही थोड्या पैशात आत येऊ शकतो. युरीमाज हा फंड १९८८ पासून अशाच फिल्मसाठी आहे.

करार नसेल तर कल्चरल टेस्ट बघा, म्हणजे फिल्म त्या देशाची धरायची का हे मार्कांवर ठरवणारी परीक्षा. ब्रिटनची टेस्ट ३५ मार्कांची आणि पास व्हायला १८ लागतात, कथा कुठे घडते, पात्रं कुठली, भाषा कोणती, काम कुठे झालं, हेड ऑफ डिपार्टमेंट (कॅमेरा, आर्ट अशा विभागांचे प्रमुख) कुठले, यावर मार्क. हा फॉर्म स्क्रिप्ट लॉक व्हायच्या आधी भरून बघा, कारण बरेचदा एक-दोन हेड ऑफ डिपार्टमेंट तिथले घेतले तर अडलेले मार्क निघतात आणि तेवढ्यासाठी कथेला हात लावायची वेळ येत नाही. मार्कांसाठी पात्राचं राष्ट्रीयत्व बदलणं मला स्वतःला पटत नाही, ते स्क्रीनवर दिसतंच.

कोणता रस्ता घ्यायचा? तुमच्याकडे पैसा पूर्ण असेल आणि घाई असेल तर सर्व्हिस. पैशात भोक असेल, वेळ असेल, आणि कथेचं त्या देशाशी खरंच काही नातं असेल तर को-प्रॉडक्शन. यात पैशापलीकडचा एक फायदा आहे जो टेबलमध्ये दिसत नाही: तिथला पार्टनर तिथला डिस्ट्रिब्युटर ओळखतो, फेस्टिव्हलवाले ओळखतो, आणि फिल्म रिलीज होताना ती तिथे "बाहेरची फिल्म" राहत नाही. स्वतःच्या मार्केटमध्ये छोटी असलेली फिल्म दोन मार्केटमध्ये जगते.

पायरी ५: फिल्म कमिशन, लाईन प्रोड्युसर आणि रेकी

फिल्म कमिशनला ईमेल करायला फी लागत नाही, पहिलं काम हेच. तीन ओळींची कथा, किती दिवस, किती माणसं, अंदाजे तिथला खर्च, कोणते महिने आणि लोकेशनची यादी एवढं पाठवा. चांगलं कमिशन फोटो, लाईन प्रोड्युसरची (तिथलं शूट आणि बजेट रोज सांभाळणाऱ्यांची) यादी आणि परमिशन कोणाकडून लागते ते परत पाठवतं. उत्तर किती दिवसांत आणि किती नीट येतं यावरूनच त्या ठिकाणचा बराच अंदाज येतो, हे मी खूप सिरियसली घेतो.

लाईन प्रोड्युसर निदान तीन जणांकडून कोटेशन घेऊन निवडा, आणि कोटेशन एकाच फॉरमॅटमध्ये मागा नाहीतर तुलना होत नाही. विचारायचे प्रश्न: शेवटची बाहेरची फिल्म कोणती केली, त्यांच्या प्रोड्युसरशी बोलता येईल का, रिबेटचा अर्ज कोण भरणार, ओव्हरटाईमचा नियम काय, आणि रद्द झालं तर किती पैसे जाणार. जो सगळ्याला "नो प्रॉब्लेम" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. "मार्चमध्ये तिथे वारा असतो, एप्रिलमध्ये या" असं सांगणारा माणूस सोन्याचा.

रेकीला डायरेक्टर, डीओपी (कॅमेरा प्रमुख), आर्ट डायरेक्टर, फर्स्ट एडी (सेट आणि शेड्यूल चालवणारा पहिला असिस्टंट डायरेक्टर) आणि प्रॉडक्शन एवढे तरी जाच. मॅपवर बघून लोकेशन फायनल करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. शूट ज्या महिन्यात आहे त्याच ऋतूत आणि सीन ज्या वेळेचा आहे त्याच वेळी जागेवर उभे राहा. साऊंडवाला नेता आला तर न्या, नाही तर निदान दोन मिनिटं गप्प उभं राहून फोनवर आवाज रेकॉर्ड करा, विमानांचा मार्ग, शाळेची घंटा, जनरेटर, कुत्री सगळं कळतं. शिवाय ट्रक कुठे वळणार, टॉयलेट कुठे, सगळ्यात जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर, मोबाईलला रेंज आहे का, हे त्याच दिवशी लिहून घ्या.

पायरी ६: कागदपत्रं आणि सामान

व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर शूट करू नका, विषय संपला. शेंगेन भागात (सामायिक व्हिसाचे युरोपियन देश) १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते आणि काम करायचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे, त्यामुळे रेकीचे दिवसही त्यात मोजून ठेवा.

सामानासाठी एटीए कार्ने. १९६१ च्या कन्व्हेन्शनखालचा हा कागद म्हणजे तुमच्या उपकरणांचा पासपोर्ट, एक वर्ष चालतो, ड्युटी न भरता सामान आत नेता येतं आणि परत आणता येतं, बदल्यात तुम्हाला गॅरंटी ठेवावी लागते. हा कागद भरताना घाई करू नका. प्रत्येक लेन्स, प्रत्येक मॉनिटर, बॉडी, सीरियल नंबरसकट, वजन, किंमत आणि कुठल्या देशात बनला हे एका ओळीत. पेटीवर पेटीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा आणि यादीत "पेटी ७ मध्ये ओळ ३१ ते ४४" असं मार्क करून ठेवा, म्हणजे कस्टमवाल्याने बोट ठेवून "ही दाखवा" म्हटलं की एकच पेटी उघडावी लागते, अख्खी ट्रॉली नाही. आत पिवळी पानं असतात ती तुमच्या देशातून निघताना आणि परतताना, पांढरी पानं दुसऱ्या देशात शिरताना आणि तिथून निघताना, निळी पानं नुसतं मधून जाताना. निघतानाचा शिक्का हमखास राहतो, पहाटेची फ्लाईट असते, काउंटर बंद असतो, सगळे थकलेले असतात, आणि तो शिक्का नसेल तर सामान तिथेच विकलं असं धरून ड्युटी मागतात. म्हणून परतीच्या दिवशी कस्टम काउंटरच्या वेळा आधी विचारून ठेवा आणि एकाच माणसावर ती जबाबदारी द्या. टेप, मेकअप, जेल (लाईटवर लावायच्या रंगीत शीट) अशा संपणाऱ्या वस्तू कार्नेत येत नाहीत, त्या तिथेच घ्या, तेवढाच पात्र खर्च वाढतो. जे देश कार्नेत नाहीत तिथे टेम्पररी इम्पोर्टसाठी तिथल्या एजंटमार्फत बॉण्ड (हमी) भरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

बॅटऱ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हॅन्ड बॅगेतच. १०० वॅट-तासापर्यंत चालतात, १०० ते १६० मध्ये एअरलाईनची परवानगी आणि माणशी दोनच, त्यावर पॅसेंजर बॅगेत अजिबात नाही. बाजारात ९८ वॅट-तासाच्या बॅटऱ्या एवढ्या दिसतात त्या याच कारणाने. टीममधल्या सगळ्यांत वाटून न्या.

वायरलेस माईक. हा मुद्दा सगळे विसरतात. प्रत्येक देशात वेगळी फ्रिक्वेन्सी मोकळी असते, अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा बहुतेक सगळा मोबाईल कंपन्यांकडे गेला आणि जुलै २०२० नंतर तिथे जुने माईक वापरणं बेकायदेशीर झालं. साऊंडवाल्याने देश ठरल्या ठरल्या चेक करावं, नाहीतर माईक तिथेच भाड्याने घ्या.

ड्रोन. काही देशांत परवानगीशिवाय ड्रोन नुसता आणला तरी एअरपोर्टवर जप्त होतो, मोरोक्को त्यातला एक. तिथला लायसन्सवाला ऑपरेटर घ्या, स्वस्तही पडतं.

बिल्डिंगचे हक्क. आयफेल टॉवर १८८९ चा, त्याचं बांधकाम दाखवायला अडचण नाही, पण रात्रीच्या लायटिंगवर कॉपीराइट सांगितला जातो आणि कमर्शियल वापराला परवानगी लागते. म्हणजे दिवसा फुकट आणि रात्री फाईल. असे प्रकार भित्तीचित्रं, पुतळे, नवीन बिल्डिंग यांच्या बाबतीतही होतात, म्हणून लोकेशन अॅग्रीमेंटवर सही घेताना जागेच्या मालकासोबत फ्रेममध्ये दिसणाऱ्या कलाकृतीचाही विचार करा.

पायरी ७: प्रत्यक्ष शूट

पोहोचल्यावर पहिला दिवस टेस्टसाठी ठेवा, शूटसाठी नाही. जगात विजेची फ्रिक्वेन्सी ५० किंवा ६० हर्ट्झ असते, जपानमध्ये तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. घरी ५० हर्ट्झच्या ट्यूबखाली व्यवस्थित दिसणारी सेटिंग ६० वाल्या देशात दुकानाच्या पाटीवर फडफड दाखवते. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करत असाल तर ५० हर्ट्झला शटर (प्रत्येक फ्रेमवर किती वेळ उजेड पडतो ती सेटिंग) १७२.८ अंश, ६० हर्ट्झला १४४ अंश, हे डीओपीच्या असिस्टंटला पाठ असतंच, पण स्वस्त एलईडी तरीही धोका देतात, म्हणून ज्या हॉटेल-दुकानात सीन आहे तिथल्याच लाईटखाली एक मिनिट रेकॉर्ड करून मोठ्या स्क्रीनवर बघा.

वर्किंग अवर्सचे नियम तिथल्यांचे पाळा. किती तासांचा दिवस, जेवणाचा ब्रेक किती तासांनी, पॅकअप ते पुढचा कॉल टाइम यात किती विश्रांती, हे लिहून फर्स्ट एडीच्या हातात द्या. "आमच्याकडे असं चालतं" हे वाक्य सेटवर काढू नका, तिथला क्रू तुमच्यापेक्षा कमी तासात तेवढंच काम करून दाखवेल कारण त्यांचं प्रेप (आधीची तयारी) पक्कं असतं. प्रत्येक डिपार्टमेंटला दोन्ही भाषा येणारा एक तरी माणूस द्या. एकच दुभाषी सगळ्यांना असला की गॅफर लाईट हलवायला दहा मिनिटं थांबतो आणि ती दहा मिनिटं दिवसभरात तासाभरावर जातात.

वेदर कव्हर म्हणजे पाऊस आला तर करायचा इनडोअर सीन, तो शेड्यूलच्या शेवटापर्यंत राखून ठेवायचा. फिलिपिन्समध्ये 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या शूटला १९७६ मध्ये टायफूनने सेट उडवून लावले होते, आणि लष्कराची भाड्याने घेतलेली हेलिकॉप्टर्स तिथल्या बंडखोरांशी लढायला मधूनच बोलावली जायची. सरकारने दिलेली मोठी मदत मोठीच असते, पण ती सरकारच्या गरजेप्रमाणे परतही जाते, म्हणून सैन्य, रेल्वे, विमानतळ असे सीन शेड्यूलमध्ये लवकर घ्या म्हणजे बिघडलं तर पुन्हा लावायला दिवस उरतात. इन्शुरन्समध्ये कलाकार, उपकरणं, थर्ड पार्टी आणि हवामान यातलं काय काय कव्हर आहे ते त्या देशाचं नाव लिहून कन्फर्म करा.

आणि तिथल्या लोकांना नुसते हमाल म्हणून वापरू नका. न्यूझीलंडमध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही फिल्म्सचं मुख्य शूट एकत्र २७४ दिवस चाललं, त्या काळात तयार झालेले टेक्निशियन आणि वर्कशॉप नंतर जगभरातल्या फिल्म्सना उपयोगी पडले, आणि माटामाटाजवळचा हॉबिटनचा सेट बघायला लोक अजून जातात. पर्यटन आणि रोजगार हीच सरकारांची सवलत द्यायची कारणं असतात. तुमच्या अर्जात "आम्ही तिथले इतके ट्रेनी घेणार, अमुक भाग ओळखू येईल असा दाखवणार" असं ठोस लिहिलं तर अर्ज नीट वाचला जातो.

पायरी ८: रिबेट हातात पाडणं

अर्ज शूटच्या आधी. बऱ्याच योजनांत प्रोव्हिजनल सर्टिफिकेट (तात्पुरती मंजुरी) मिळायच्या आधी केलेला खर्च मोजतच नाहीत, नंतर धावपळ करणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. तिथे कंपनी किंवा तिथल्या कंपनीशी करार लागतो, स्वतंत्र बँक खातं लागतं, सगळं पेमेंट त्यातूनच. कॅश शक्यतो नको.

प्रॉडक्शन अकाउंटंट तिथला घ्या आणि पहिल्या दिवसापासून बसवा. प्रत्येक बिलावर तिथल्या कंपनीचं नाव, टॅक्स नंबर, तारीख, कशासाठी. पेट्रोलची पावती, एक्स्ट्राला (गर्दीतल्या कलाकाराला) दिलेल्या पैशाची सही, पासपोर्टची किंवा रहिवासी दाखल्याची कॉपी, सगळं त्याच दिवशी स्कॅन. ज्या माणसाचं रहिवासी असल्याचं प्रूफ नाही त्याचा पगार ऑडिटर सरळ वगळतो. दर आठवड्याला पात्र आणि अपात्र असे दोन रकाने काढून पायरी २ च्या टेबलशी जुळवा, पात्र आकडा खाली घसरत असेल तर पोस्टचा थोडा भाग तिथे करून तो भरून काढता येतो का ते शूट संपायच्या आतच बघा.

शूट संपलं की त्यांच्या मान्य यादीतल्या ऑडिटरकडून रिपोर्ट, मग फायनल सर्टिफिकेट, मग पैसे. तोवर कॅश फ्लो चालवायला काही बँका प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर कर्ज देतात, पण पूर्ण रकमेवर नाही, त्यामुळे इन्व्हेस्टरला रिबेटची पूर्ण रक्कम "आलीच" असं दाखवू नका. एंड क्रेडिटमधला त्यांचा लोगो कुठे, किती सेकंद, कोणत्या साईझमध्ये हे करारात लिहिलेलं असतं, ते टायटल बनवणाऱ्याला लेखी पाठवा आणि फायनल मास्टर निघण्याआधी त्या कमिशनकडून मंजुरीचा ईमेल घेऊन त्याच फाईलला लावा.